स्टेम आखूड करायचा की हँडल बदलायचं?

माझ्या सायकलची ५६ सेंटीमीटरची फ्रेम मला एक साइज मोठी आहे, हे आता मी मान्य करून टाकलंय. माझी उंची पाच फूट आठ इंच. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांची टीम म्हणून अमेरिकेतली रॅम (रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत) पूर्ण केली. त्यानंतर आपल्याकडे ज्यांनी हौसेने रोडबाइक घेतल्या, त्यातल्या बऱ्याच आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. माझी त्यातलीच एक. घेताना किंमत बघितली, साइज बघायची राहिली.

सायकलीबरोबर ११० मिमीचा स्टेम (हँडल सायकलीला जोडणारा तुकडा) आला आणि जुन्या गोल वळणाचं हँडल. अंजनेरीपर्यंत काही जाणवायचं नाही. त्र्यंबकहून परत येताना मात्र मान आखडायची आणि करंगळी-अनामिकेला मुंग्या यायच्या. हँडल लांब पडत होतं, एवढं उघड होतं. ते जवळ आणायचे मार्ग दोन, आणि मी दोन्ही करून बसलोय.

तिसरा मार्ग सगळे आधी करतात, मीही केला: सीट पुढे सरकवणं. त्याच्या वाटेला जाऊ नका. सीट पायांच्या हिशेबाने लावायची असते. ती पुढे ओढली की अंगाचा भारही पुढे जातो आणि तो हातांवर येतो. माझ्या मुंग्या त्या आठवड्यात वाढल्याच. सीट जागेवर नेली, मग पुढचा विचार सुरू केला.

आधी ८० मिमीचा स्टेम घातला. हजाराच्या आत काम झालं, तेही घरच्या घरी, अ‍ॅलन कीच्या सेटवर. (वरच्या टोपीचा बोल्ट फक्त हेडसेटमधला, म्हणजे हँडल फिरतं त्या बेअरिंगमधला, सैलपणा काढण्यापुरता, स्टेम धरून ठेवतात ते बाजूचे बोल्ट. मी पहिल्यांदा टोपीच जीव खाऊन आवळली आणि हँडल पिठाच्या जात्यासारखं जड फिरायला लागलं.) हात एका झटक्यात तीन सेंटीमीटर जवळ आले. मानेला पहिल्याच राइडला फरक पडला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. शिवाय स्टेम उलटा करून बसवायची सोय असतेच. सहा अंशांचा, शंभरच्या आसपासचा स्टेम उलटला तर हँडल साधारण दोन सेंटीमीटर वर येतं, फुकटात. दिसायला जरा म्हाताऱ्यासारखं दिसतं, पण आपण कुठे शर्यतीला चाललोय.

तोटा जाणवला तो हँडलिंगमध्ये. एका हाताने पाण्याची बाटली काढायला गेलो की पुढचं चाक भरकटायचं. मुंबई-आग्रा हायवेवर बाजूने कंटेनर गेला की त्याच्या वाऱ्याने सायकल हलायची, आणि मी ती सावरायला जास्तच वळवायचो. पंधरा-वीस दिवसांनी हाताला सवय झाली, त्यामुळे हा मुद्दा मी फार ताणणार नाही. त्यातही थोडा दोष तीस मिलिमीटर एकदम कमी करण्याचा असावा. स्टेमने कमी करा नाहीतर हँडलने, हुड्सवर (ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी मुठींवर) हात ठेवल्यावर चाकाला दोन्ही सारखंच. दहा-दहाने उतरलो असतो तर कदाचित कळलंही नसतं.

मग बिनसलं कुठे? कसारा घाटात.

पावसाळा नुकताच संपला होता. इगतपुरीहून पुढे घाट उतरत होतो, पुढे एक ट्रेलर, त्याच्या ब्रेकचा जळका वास. माझे रिम ब्रेक. हात हुड्सवर. हुड्सवरून ब्रेक दाबताना लिव्हर वरच्या बाजूला, बिजागरीच्या जवळ धरला जातो, त्यामुळे जोर दुप्पट लावावा लागतो आणि काम अर्धंच होतं. दहा मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली. म्हणून ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर, गेलो. तिथून बोटं लिव्हरच्या टोकाला, म्हणजे चांगली तरफ मिळायला हवी. पण त्या गोल वळणाच्या हँडलवर लिव्हर इतका लांब होता की पहिलं पेरं कसंबसं पोहोचत होतं. नीट पकडायचं तर तळवा हँडलवरून उचलायचा. उतारावर, ट्रेलरमागे, खड्डे चुकवत! शेवटी बाजूला उभा राहिलो, हात झटकले, आणि एवढा नवा स्टेम घालून आपण नेमकं काय मिळवलं याचा विचार केला.

स्टेम अख्खं हँडल जवळ आणतो, ड्रॉप्ससकट. ड्रॉप आणि लिव्हर यांच्यातलं अंतर मात्र तेवढंच राहतं. ११० असो वा ८०, माझं बोट ब्रेकला पोहोचत नव्हतं ते नव्हतंच.

लिव्हर आत घेण्याचा स्क्रू असतो, तो फिरवून बघितला. लिव्हर जवळ आला, पण आता तो ब्रेक पूर्ण लागायच्या आत हँडलला टेकायला लागला. केबल ताणली, पॅड रिमच्या जवळ आणले, तेव्हा चाकाची जरा डगमग झाली तरी घासायला लागले. तुमच्याकडे ही जुळवाजुळव जमत असेल तर आधी तेवढीच करा, फुकट आहे. माझ्याकडे जमली नाही.

मग कॉम्पॅक्ट, म्हणजे आखूड वळणाचं, हँडल घेतलं. रीच (हँडल पुढे किती जातं) ७० मिमी, ड्रॉप (खाली किती उतरतं) १२५ मिमी, रुंदी ४४ ऐवजी ४२ सेंटीमीटर. आधीच्याचा रीच मी पट्टीने मोजला तो नव्वदच्या आसपास भरला. म्हणजे हुड्सवर वीस मिलिमीटर इथेच वाचले. ८० चा स्टेम काढून १०० चा लावला आणि उरलेले दहा तिथून काढले. बेरीज तीसचीच, पण तीच सायकल घाटात वेगळी वागायला लागली. ड्रॉप्सवर हात ठेवला की दोन बोटं आपोआप लिव्हरवर. पुढच्या वेळी कसारा उतरताना मी बहुतेक वेळ ड्रॉप्सवरच होतो. आधी वर्षभरात ड्रॉप्सवर एकूण तासभर तरी गेलो असेन का, शंका आहे.

हे काम स्टेमसारखं सोपं नाही, हे खरं. जुनी बार टेप सोलायची, लिव्हर काढायचे, परत बसवताना दोन्ही एका उंचीवर आणायचे. गिअरची जुनी केबल शिफ्टरपाशी विसविशीत झालेली निघाली, ती बदलावी लागली. टेप मीच गुंडाळली आणि उजव्या टोकाची तीन वेळा सुटली. हँडल, टेप, केबल मिळून खर्च स्टेमच्या तिप्पट तरी झाला. आणि कॉम्पॅक्टमध्ये ड्रॉप्स फार खाली जात नाहीत. जूनमध्ये त्र्यंबक रोडला समोरून वारा सुटतो तेव्हा जुन्या हँडलवर जास्त झुकता आलं असतं, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. माझी कंबर तेवढी झुकत नाही, हा भाग वेगळा.

तुम्ही गंगापूर रोडने धरणापर्यंत जाऊन येता, घाट क्वचित, आणि ड्रॉप्समधून ब्रेक नीट हाताला लागतो, तर आखूड स्टेम पुरेल असं मला वाटतं. दहा मिनिटांचं काम, नाही पटलं तर जुना परत लावता येतो. शक्य असेल तर कोणाचा तरी जुना स्टेम आठवडाभर मागून आणा. केबल हँडलच्या आतून गेलेल्या नव्या सायकलींचं गणित निराळं, तिथे दोन्ही कामं दुकानातच द्यावी लागतात.

पण २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब राइड) डोक्यात असेल, साडेतेरा तास हात बदलत बसायचं असेल, किंवा हँडल माझ्यासारखं जुन्या वळणाचं असेल, तर एकदा सायकल भिंतीला टेकवून ड्रॉप्स धरा आणि तळवा न उचलता ब्रेक दाबून बघा. नसेल दाबता येत, तर स्टेमचे पैसे हँडलमध्ये घालावेत असं मी सुचवीन.

माझा ८० चा स्टेम ड्रॉवरमध्ये पडून आहे. कोणाला आठवडाभर लावून बघायचा असेल तर घेऊन जा, बोल्टांसकट.