जीजीरिपेल: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आर या सांख्यिकीसाठीच्या संगणकभाषेत आलेख काढताना बिंदूंची नावे एकमेकांवर चढू नयेत, यासाठी गेले काही महिने मी जीजीरिपेल हे पॅकेज नियमित वापरत आहे. आर मधील आलेखांचे मूळ पॅकेज जीजीप्लॉट-२ यातील ‘चेक ओव्हरलॅप’ हा पर्याय आड येणारी नावे सरळ गाळून टाकतो. जीजीरिपेल मात्र नावांना परस्परांपासून आणि बिंदूंपासून दूर ढकलते व नाव लांब गेले तर दोहोंना जोडणारी बारीक रेघ काढते.

माझ्या दृष्टीने खरी कसोटी लागली ती २०११ च्या जनगणनेच्या आलेखात. आडव्या अक्षावर नागरी लोकसंख्येचे प्रमाण, उभ्या अक्षावर साक्षरता, आणि तेव्हाचे महाराष्ट्राचे ३५ जिल्हे (पालघर २०१४ मध्ये झाला). नंदुरबार तळाशी एकटा असल्याने त्याचे नाव कुठेही बसते. पण १५ ते ३० टक्क्यांच्या पट्ट्यात जिल्ह्यांची दाटी होते, आणि मुंबई शहर व उपनगर हे दोन्ही १०० टक्के नागरी असल्याने उजव्या कडेला अगदी जवळजवळ येतात. त्या कडेसाठी अक्षाचे ‘एक्स्पान्शन’ (टोकाशी सोडलेली मोकळी जागा) फक्त उजवीकडे वाढवणे पुरेसे ठरले. त्यामुळे नावांना जागा मिळते.

दाटीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. एका नावाला किती अडथळे चालतील हे ठरवणाऱ्या ‘मॅक्स ओव्हरलॅप्स’चे मूळ मूल्य १० असून, त्यापलीकडे अडथळे येणारी नावे छापलीच जात नाहीत आणि त्याची सूचना केवळ कन्सोलवर (आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत) उमटते, म्हणून ती सूचना वाचल्याशिवाय आलेख कोणाला पाठवू नये. हे मूल्य अनंत केले की सगळी नावे येतात खरी, पण रेघांचे जाळे होऊन वाचकाला काहीच उमगत नाही. त्यापेक्षा ज्या जिल्ह्यांविषयी मजकुरात बोलायचे आहे तेवढीच नावे ठेवावीत आणि बाकीच्यांच्या जागी रिकामे नाव (कोरी स्ट्रिंग) द्यावे. माहितीच्या तक्त्यातून त्या जिल्ह्यांच्या ओळीच काढून टाकल्या, तर नावे अनामिक बिंदूंवर खुशाल जाऊन बसतात. रिकाम्या नावाचा बिंदू मात्र इतर नावांना दूर ठेवतो. ‘बॉक्स पॅडिंग’ ०.२५ वरून ०.५ केल्यावर नावांभोवती मोकळीक आली.

नावांच्या जागा आलेख प्रत्यक्ष रेखाटताना, त्या वेळच्या आकारमानानुसार ठरतात. त्यामुळे पडद्यावर जमलेली मांडणी जतन केलेल्या प्रतिमेत बदलते; आधी अंतिम रुंदी-उंची ठरवावी, ‘सीड’ (मांडणी दर वेळी तीच यावी म्हणून द्यायचा आकडा) पक्का करावा आणि मगच बारकावे पाहावेत. नावे देवनागरीत असतील तर प्रतिमा रॅग पॅकेजमधून काढावी, म्हणजे जोडाक्षरे व वेलांट्या नीट येतात.

रेषालेखात रेषांच्या टोकांशी नावे लावायची असल्यास ‘डिरेक्शन’ला ‘वाय’ आणि ‘एचजस्ट’ला ० द्यावे: नावे वर-खाली सरकतात आणि डावी कड एका रेषेत राहते. स्तंभालेखासाठी मात्र मी हे पॅकेज वापरत नाही. तिथे आकड्याची जागा ठरलेली असते आणि नाव वर-खाली सरकवणारे जीजीप्लॉट-२ चे साधे ‘व्हीजस्ट’ ते काम अधिक नेटके करते.