क्रूझवरच्या शोअर एक्स्कर्शन: छापलेले तास आणि हातात पडणारे तास

शोअर एक्स्कर्शन म्हणजे जहाज बंदरात असताना किनाऱ्यावर नेणारी दिवसाची सहल. तिची यादी चाळताना नजर आधी तासांवर जाते. 'कालावधी १० तास' असं दिसलं की दहा तासांचं शहर डोळ्यांपुढे उभं राहतं. पण हे दहा तास जहाजाच्या थिएटरमध्ये जमून छातीवर क्रमांकाचं स्टिकर लावून घ्यायच्या क्षणापासून मोजलेले असतात. गटाची वाट पाहणं, गँगवेवरची, म्हणजे जहाजातून उतरायच्या पुलावरची रांग, धक्क्यावरून बसपर्यंतची चाल, मधला स्वच्छतागृहाचा थांबा, सगळं त्यातच येतं. त्यामुळे सहल पैसे वसूल आहे की नाही हे ठरवायला एकच आकडा काढायचा: ठिकाणी पाय ठेवल्यापासून बस परत निघेपर्यंत किती वेळ मिळतो.

या हिशेबात सगळ्यात कमी पडते ती ल हाव्र बंदरातून होणारी पॅरिसची सहल. अंतर साधारण २०० किलोमीटर. बसला जायला तीन तासांच्या आसपास लागतात, परतताना शहराबाहेर पडायची गर्दी लागली तर त्याहून जास्त. अकरा तासांच्या सहलीतले सहा-साडेसहा तास रस्त्यावर जातात, जेवणात तास-सव्वा तास जातो, आणि उरलेल्या वेळात निम्मं शहर बसच्या काचेतूनच दिसतं. पॅरिस आधी पाहिलेलं असेल तर याच बंदरातून जवळच्या ओंफ्लर या छोट्या गावाला जावं. तासाच्या आत पोचता येतं आणि दिवस आपला राहतो. पॅरिस पाहायचंच असेल तर गाईड आणि जेवण असलेली सहल न घेता फक्त ने-आण करणारी बस घ्यावी. 'ऑन युअर ओन' या नावाने ती विकतात. या यादीतला हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाचा प्रकार आहे, कारण परतीची हमी जहाजाची आणि मधला वेळ पूर्ण तुमचा.

ही हमी म्हणजे नेमकं काय, ते नीट समजून घ्यायला हवं. जहाजाकडून घेतलेल्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. थांबणं अशक्य झालं तर पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची सोय आणि खर्च कंपनी करते. बाहेरच्या सहलवाल्याकडून किंवा स्वतः गेलात तर जहाज थांबत नाही. जहाजाच्या सहलीचा जास्तीचा दर मुख्यतः या हमीचा असतो, गाईडच्या ज्ञानाचा नव्हे. गाईड आणि बस बहुतेक वेळा त्याच स्थानिक कंपन्यांच्या असतात. म्हणून बंदर शहरापासून जितकं लांब आणि परतीचा रस्ता जितका बेभरवशाचा, तितकी हमी विकत घेण्यासारखी. थायलंडच्या लेम चाबांग बंदरातून बँकॉकला जाताना ती घ्यावी, कारण शंभराहून जास्त किलोमीटर आणि शेवटी शहराची कोंडी. उलट माल्टातल्या व्हॅलेटाला जहाज तटबंदीच्या पायथ्याशीच लागतं आणि लिफ्टने थेट वरच्या बागेत पोचता येतं. माँटेनेग्रोतल्या कोटोरची वेस धक्क्यासमोर आहे. एस्टोनियातल्या टालिनचं जुनं शहर चालत पंधरा-वीस मिनिटांवर. अशा ठिकाणी 'वॉकिंग टूर' घेणं म्हणजे जिथे आपण उतरल्यावर आपोआप पोचणार होतो तिथे चाळीस जणांच्या मागे जाणं.

रोमसाठीचं बंदर चिविताव्हेक्या या दोन टोकांच्या मधलं आहे. रोम सत्तर-ऐंशी किलोमीटरवर, पण गाड्या भरपूर आणि प्रवास पाऊण ते सव्वा तासाचा. जहाजापासून बंदराच्या दाराजवळ शटल बस सोडते. तिथून स्टेशन अजून दीडेक किलोमीटर आहे, आणि नेमका हाच टप्पा लोक हिशेबात धरत नाहीत. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. सान प्येत्रो स्टेशनला उतरलं की व्हॅटिकन चालत पंधरा मिनिटांवर. मुख्य स्टेशनपर्यंत जायची गरजच नाही. स्वतः जाणाऱ्याने परतीची गाडी अशी पकडावी की ऑल अबोर्डच्या आधी किमान दोन तास बंदराच्या दाराशी असू. म्हणजे एक गाडी रद्द झाली तरी पुढची हाताशी राहते. ऑल अबोर्ड म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतायची शेवटची वेळ, जहाज सुटायची वेळ नव्हे. ती बहुधा त्याआधी अर्धा तास असते, काही ठिकाणी एक तास.

माहितीपत्रकातली क्रियापदं फार काळजीने वाचावीत, कारण ती काळजीनेच लिहिलेली असतात. 'व्हिजिट' लिहिलं असेल तर बसमधून उतरून आत जायचं. 'सी' किंवा 'व्ह्यू' म्हणजे खिडकीतून. 'फोटो स्टॉप' म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, त्यातली निम्मी पंचेचाळीस माणसं उतरण्या-चढण्यात. 'पॅनोरॅमिक' म्हणजे जवळजवळ पूर्ण दिवस आसनावर. गुडघेदुखी असलेल्यांना हाच प्रकार सोयीचा, त्यामुळे त्याला नावं ठेवू नयेत, पण तोच आहे हे ओळखून घ्यावा. प्रवेश तिकीट धरलेलं आहे का, हे वेगळं शोधावं लागतं.

आणि 'स्थानिक कारागिरीचं प्रात्यक्षिक'. तुर्कस्तानातल्या कुशादासी बंदरातून एफेसस या प्राचीन शहराच्या अवशेषांना जाणाऱ्या अनेक सहलींत ते गालिच्याच्या दुकानात असतं आणि पाऊण तास ते तास सहज खातं. एफेसस बंदरापासून वीसेक किलोमीटरच आहे. वरच्या दारातून शिरून उतारावरच्या संगमरवरी रस्त्याने सेल्ससच्या ग्रंथालयापर्यंत आणि पुढे नाट्यगृहापर्यंत यायला निवांत दोन तास हवेत. उतारावरची घरं वेगळ्या तिकिटाने पाहायची; त्यांना आणखी पाऊण तास. सावली जवळजवळ नाही आणि झिजलेला संगमरवर गुळगुळीत आहे, तेव्हा पकड असलेले बूट हवेत. दुकानाचा थांबा नसलेली, सकाळी सगळ्यात आधी सुटणारी सहल इथे डोळे मिटून घ्यावी. ग्रंथालयासमोर गर्दी व्हायच्या आत उभं राहायला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

जिथे जहाज धक्क्याला लागत नाही, नांगर टाकून टेंडर बोटींनी माणसं नेतात, तिथे वेगळा विचार करावा लागतो. जहाजाच्या सहलीवाल्यांना पहिल्या बोटी मिळतात. बाकीच्यांना क्रमांकाचं तिकीट घेऊन थांबावं लागतं आणि तास-दीड तास सहज जातो. बाहेरची सहल ठरवली असेल तर भेटायची वेळ जहाज पोचल्यानंतर दोन तासांनी ठेवावी. समुद्र खवळला तर बोटी सुटतच नाहीत आणि बंदर रद्द होतं. कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटाला क्रूझसाठी धक्काच नसल्याने तिथे हा धोका नेहमीचा. जहाजाच्या सहलीचे पैसे अशा वेळी आपोआप परत येतात. बाहेरच्याकडून 'जहाज आलं नाही तर पूर्ण परतावा' हे वाक्य लेखी घ्यावं.

ग्रीसच्या सँटोरिनी बेटाला तर जहाजाची सहल घेऊनही अडचण सुटत नाही. सहलीवाल्यांना बहुधा आथिनिओस बंदरावर उतरवून बसने वर नेतात, इया गाव दाखवतात आणि कड्यावरच्या फिरा या मुख्य गावात सोडतात. खाली जुन्या बंदरात उतरायचं ते आपल्या आपण: केबल कारने, नाहीतर जवळपास सहाशे पायऱ्यांनी. एकाच दिवशी तीन-चार जहाजं असली की दुपारनंतर केबल कारची रांग तासापलीकडे जाते. पायऱ्या उतरायला अर्धा तास पुरतो, पण त्याच वाटेने खेचरं येतात आणि दगड त्यांच्या लिदेने निसरडे होतात. त्या दिवशी किती जहाजं आहेत हे आधी पाहून ठेवावं, आणि शेवटच्या टेंडरच्या दोन तास आधी रांगेत असावं.

मन भरून शिफारस करावी अशी सहल म्हणजे अलास्कातल्या स्कॅगवेची व्हाइट पास रेल्वे. १९०० साली पूर्ण झालेला हा अरुंद मार्ग समुद्रसपाटीपासून सुमारे ३२ किलोमीटरांत जवळपास ८७० मीटर चढतो. जाताना दरी आणि कडे डाव्या हाताला असतात, पण खिडकीसाठी भांडायची गरज नाही. माथ्यावर प्रवाशांना बाजू बदलायला लावतात. डब्याच्या टोकाच्या उघड्या ओट्यावर जाड जाकीट घालून उभं राहावं, खरा प्रवास तिथेच आहे. अलास्कातल्याच हेलिकॉप्टर सहली मात्र हवामानामुळे अनेकदा रद्द होणाऱ्या; वजनाची मर्यादा असते आणि त्यावरच्या प्रवाशाला जास्तीचे पैसे पडतात. जागा थोड्या असल्याने या सहली घरूनच आरक्षित कराव्यात. रद्द करायची मुदत साधारण बंदराच्या एक-दोन दिवस आधीपर्यंत असते, ती नोंदवून ठेवावी.

स्कूबा डायव्हिंग शेवटच्या बंदरात घेऊ नये. एकाहून जास्त डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात.

घड्याळाचा घोळ सगळ्यात महागात पडतो. जहाज अनेकदा स्वतःची वेळ बदलत नाही, फोन मात्र किनाऱ्यावर उतरताच आपोआप बदलतो. फ्लोरिडाहून उन्हाळ्यात निघालेलं जहाज मेक्सिकोतल्या कोझुमेलला असताना फोन एक तास मागे दाखवू शकतो: फोनवर साडेतीन, जहाजावर साडेचार. मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून तेच पाहावं. उतरताना जहाजाच्या दैनिक पत्रकातल्या पोर्ट एजंटच्या (जहाज कंपनीच्या बंदरातल्या प्रतिनिधीच्या) क्रमांकाचा फोटो, पासपोर्टची प्रत, दिवसभराची औषधं आणि एक बँक कार्ड जवळ हवं. जहाज चुकलंच तर पहिला फोन त्या एजंटला करायचा; केबिनच्या तिजोरीतला पासपोर्ट मिळाला असेल तर जहाजाचे लोक तो बहुधा त्याच्याकडेच देऊन जातात. जहाजावरची फळं किंवा सँडविच घेऊन उतरू नये. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये त्यासाठी जागेवर दंड होतो, आणि पिशव्या हुंगणारे कुत्रे धक्क्यावरच असतात.