लिव्हरचा कडकपणा मोजायला राजारामपुरीत: मशीनला पाच स्टार, एआयला तीन

कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत दुकान असल्यामुळं चामडं दाबून कस सांगायची सवय आहे, पण लिव्हरला अंगठा लावता येत नाही. फॅटी लिव्हर निघाल्यावर आमच्या डॉक्टरांनी इलास्टोग्राफी, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजायची सोनोग्राफी, करून आणायला सांगितली, म्हणून राजारामपुरीतल्या या सोनोग्राफी सेंटरला गेलो.

सकाळचीच वेळ घ्या. किमान तीन तास उपाशी राहायला लागतं. खाल्ल्यावर लिव्हरकडं रक्त वाढतं आणि आकडा उगाच चढतो. खाली मिसळवाला आहे, कटाचा वास जिन्यापर्यंत. पार्किंगचं नाव काढू नका.

तपासणी मात्र एक नंबर. उजवा हात डोक्यावर घेऊन पडायचं, मॅडम बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवतात. “काका, मोठा श्वास नको, आहे तिथंच थांबवा.” मशीन आवाजाच्या लहरींचा बारीक धक्का आत देतं, आपल्याला कळतही नाही. त्यानं लिव्हरमध्ये आडवी लहर उठते आणि ती किती जोरात पळते ते मशीन टिपतं. लिव्हर जितकं कडक, तितकी लहर वेगात. माझी सेकंदाला दीड मीटर, म्हणजे कडकपणा 6.8 किलोपास्कल. 5 पर्यंत नॉर्मल धरतात. बाकी लक्षणं नसतील तर 9 च्या आत गंभीर काही नाही, 13 च्या वर गेलं की काळजी.

आता एआयचं. त्यांनी नवं सॉफ्टवेअर बसवलंय. ते धक्का-बिक्का देत नाही, साध्या काळ्या-पांढऱ्या सोनोग्राफीवरूनच न्यूरल नेटवर्क कडकपणाचा अंदाज बांधतं. दिसायला लई भारी, निळं-पिवळं गुळगुळीत चित्र. पण आकडा आला 9.6! पोटात गोळाच आला. मॅडमनी न कंटाळता सांगितलं: हे नेटवर्क आधी मोजलेल्या लिव्हरची चित्रं बघून शिकलेलं असतं, चरबीनं लिव्हर पांढरट दिसतं आणि तिथं त्याचा गोंधळ होऊ शकतो. शिकताना जे बघितलंच नाही, त्याच्यावरही ते तितक्याच ठामपणे रंग भरतं. रोगाचं निदान मोजलेल्या आकड्यावर करायचं, एआयचा हा नुसता अंदाज.

हे पटलं. पण मग रिपोर्टवर अंदाजाचं रंगीत चित्र अर्धं पान आणि मोजलेला आकडा कोपऱ्यात बारीक, असं का? घरात रिपोर्ट बघितला की लोक आधी रंगच बघणार, आमच्या हिनंही तेच केलं. चित्रात कुठं खात्री कमी आहे तेही दाखवलेलं नाही. लहरीच्या मोजणीत तसं नाही, खराब जागा मशीन रिकामी सोडतं, मॅडम प्रोब हलवून परत घेतात.

जाणार असाल तर रिपोर्टवर वेगवेगळ्या रीडिंगमधली तफावत, म्हणजे आयक्यूआर, छापून मागा. किलोपास्कलमध्ये ती मधल्या आकड्याच्या 30 टक्क्यांच्या आत पाहिजे. मला मागितल्यावर लगेच दुसरी प्रिंट काढून दिली, जादा पैसे घेतले नाहीत.