दोन औंसाचे पैसे, एक औंसाचं तांबं

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. बॅटरी चार्जर बनवतो. गेल्या वर्षी 20 अँपिअरच्या चार्जरसाठी 300 सर्किट बोर्ड (पीसीबी) मागवले. मॉसफेटची (करंट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरची) उष्णता बोर्डावरच पसरावी म्हणून दोन औंस तांबं सांगितलं, म्हणजे 70 मायक्रॉन जाडीचा थर. आधी आलेले पाच नमुने झकास होते. पूर्ण लोडवर तासभर चालवूनही हात टेकवता यायचा. लगेच 70 टक्के आगाऊ देऊन मोकळा झालो.

माल आला, दिसायला अगदी तसाच. वरच्या हिरव्या लेपाखाली (मास्कखाली) तांबं किती, हे डोळ्यांना कळतच नाही.

एप्रिलमध्ये लातूरहून पहिला चार्जर परत आला. मॉसफेटभोवती बोर्ड करपून तपकिरी. मग आणखी चार. मी मॉसफेटवाल्याला नको नको ते बोललो (नंतर माफी मागितली). पंखाही लावून पाहिला, फार फरक नाही.

शेवटी नमुन्यातला एक आणि नव्या मालातला एक असे दोन कोरे बोर्ड घेऊन शेजारच्या सोनाराकडे गेलो. दोन्ही 100 बाय 150 मिमी. नवा साडेपाच ग्रॅमने हलका! सोनारानं विचारलं, "यात सोनं असतं म्हणे?" सोनं राहू द्या, इथं तांब्याचीच बोंब.

परत येऊन 100 मिमी लांब, 5 मिमी रुंद ट्रॅकमधून 5 अँपिअर सोडले आणि ट्रॅकच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावला. नमुन्यावर 25 मिलिव्होल्ट, नव्यावर 48. रोध जवळपास दुप्पट, म्हणजेच तांबं निम्मं. म्हणजे ट्रॅकची स्वतःची उष्णता दुप्पट आणि मॉसफेटची पसरवायला पत्रा अर्धा. खालच्या फायबरचा उपयोग नाही, ते तांब्याच्या हजारपट कमी उष्णता वाहून नेतं. त्यात मॉसफेट तापला की त्याचाही रोध वाढतो, तो आणखी तापतो.

सप्लायरला फोन केला. "साहेब, बिल बघा ना." बिलावर फक्त 'डबल साइड पीसीबी, 1.6 मिमी'. दोन औंसाचं बोलणं सगळं फोनवर झालेलं. दर मात्र दोन औंसाचाच लावलेला.

तेव्हा ऑर्डरवर आणि बिलावर 'तयार बोर्डवरचं तांबं 70 मायक्रॉन' असं लिहून घ्या. नुसतं 'दोन औंस' लिहिलंत तर बेस (मूळ पत्र्याची जाडी) की फिनिश (तयार बोर्डवरची), यावर वाद घालतात. आणि प्रत्येक लॉटमधला एक कोरा बोर्ड असा मोजा, पार्ट बसवायच्या आधी. मी बाकीच्या बोर्डांवर पार्ट बसवून झाल्यावर मोजला.

उरलेले बोर्ड आता 8 अँपिअरच्या चार्जरमध्ये खपवतोय.