रवाळ हायड्रेटसाठी सीजीएम : अकरा महिने वापरल्यानंतर

मी मूळची राधानगरीकडची. बॉक्साइट, म्हणजे अॅल्युमिनियमचं खनिज, भरलेले ट्रक बेळगावच्या रस्त्याला लागताना बघत मोठी झाले. गेली चौदा वर्षं ओडिशाच्या डोंगराळ भागातल्या एका अॅल्युमिना रिफायनरीत (बॉक्साइटपासून अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड, काढणारा कारखाना) प्रेसिपिटेशन, म्हणजे द्रावणातून स्फटिक काढण्याचं काम, सांभाळते. क्रिस्टल ग्रोथ मॉडिफायर, म्हणजे प्लांटवर सगळे ज्याला सीजीएम म्हणतात ते स्फटिकांचे कण जाड करणारं रसायन, गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे चालू आहे. मराठीत यावर कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही, आणि या धंद्यात आपली मुलंमुली बरीच आहेत.

आधी आमचं दुखणं सांगते. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात विरघळलेलं अॅल्युमिना थंड करत, त्यात हायड्रेटचंच (पाणी धरून असलेलं अॅल्युमिना) बारीक सीड, म्हणजे बियाण्यासारखे तयार कण, टाकून परत स्फटिकरूपात काढायचं, ही युक्ती कार्ल योझेफ बायर यांनी १८८७ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये शोधली. तेव्हा अॅल्युमिना लागायचं ते सुती कापडाच्या रंगाईला. आज लागतं स्मेल्टरला, म्हणजे अॅल्युमिनियम धातू काढणाऱ्या कारखान्याला, आणि स्मेल्टरला ते रवाळच हवं, पिठूळ नको. ४५ मायक्रॉनखालचे कण १० टक्क्यांच्या आत ठेवा, हा त्यांचा आग्रह. पीठ जास्त झालं की ते उडतं, फीडरमधून नीट पडत नाही, पॉटमध्ये (धातू काढण्याच्या भट्टीत) वेळेवर विरघळत नाही. आमचे फाइन्स, म्हणजे हे बारीक कण, १३-१४ टक्क्यांवर जाऊन बसले होते. कमी करायचे तर पहिल्या टाक्यांचं तापमान चढं ठेवावं लागे, म्हणजे दर लिटर लिकरमागे (त्या द्रावणामागे) हायड्रेट कमी निघे. एक धरलं की दुसरं सुटायचं.

सीजीएम म्हणजे चरबीयुक्त आम्लांसारखा पृष्ठक्रियाशील पदार्थ, खनिज तेलात कालवलेला. दिसायला पिवळसर, जाडसर. मात्रा अगदी थोडी, दहा-वीस पीपीएमच्या (दहा लाख भागांत दहा-वीस भाग) घरातली. आम्ही तो पहिल्या अॅग्लोमरेशन टाकीच्या (जिथे बारीक कण एकमेकांना चिकटतात) तोंडाशी, सीड आणि प्रेग्नंट लिकर (अॅल्युमिनाने भरलेलं द्रावण) जिथे एकत्र येतात तिथेच सोडतो. जागा महत्त्वाची आहे. सुरुवातीला दोन टाक्या पुढे सोडून पाहिला तेव्हा निम्मासुद्धा गुण आला नाही, कारण बारीक कण एकमेकांना चिकटण्याचं काम पहिल्या काही तासांतच उरकतं.

खरा फरक मला मायक्रोस्कोपखाली दिसला. पूर्वीच्या नमुन्यात सुटे, पातळ, षटकोनी चकत्यांसारखे कण, आणि त्यांच्यामधून ऑक्झलेटच्या सुया पसरलेल्या, ज्वारीच्या कणसाच्या कुसळांसारख्या. बॉक्साइटबरोबर आलेल्या सेंद्रिय द्रव्यांतून हे सोडियम ऑक्झलेट तयार होतं. त्या सुयांवर हायड्रेटचे नवे चिमुकले कण धरतात आणि फाइन्सची रासच्या रास जमते. सातव्या आठवड्यातल्या नमुन्यात सुया जवळजवळ दिसेनाशा झाल्या. ऑक्झलेट आखूड, जाड गोळ्यांत आवळलेलं, आणि हायड्रेटचे कण राजगिऱ्याच्या लाडवाच्या तुकड्यासारखे एकमेकांना घट्ट धरून बसलेले. ती स्लाइड मी शिफ्टच्या सगळ्या ऑपरेटरांना बोलावून दाखवली.

सातवा आठवडा म्हणाले ते मुद्दाम. विकणारा प्रतिनिधी आठ दिवसांत निकाल दाखवण्याचं बोलून गेला होता. तसं होत नाही. आजचं बारीक हायड्रेट उद्याचं सीड असतं, ते टाक्यांमधून फिरत राहतं आणि फाइन्सची लाट वर-खाली होत राहते. तिसऱ्या आठवड्यात आमचे फाइन्स उलट वाढले आणि वरून ‘बंद करा’ असा सूर आला. मी धरून ठेवलं. दहाव्या आठवड्यापासून आकडा ९ टक्क्यांच्या खाली स्थिरावला.

इथे बऱ्याच जणांची फसगत होते. सीजीएम स्वतः उत्पादन वाढवत नाही. ते कण जाड करतं आणि तुमच्या हातात मोकळीक देतं. ती मोकळीक वापरून सुरुवातीचं तापमान उतरवायला हवं, सीड वाढवायला हवं. आम्ही टप्प्याटप्प्याने, प्रत्येक वेळी दोन आठवडे थांबून, तापमान तीन अंशांनी खाली आणलं, तेव्हा कुठे यील्ड, म्हणजे दर लिटरमागे निघणारं हायड्रेट, वर सरकलं. नुसतं रसायन ओतून जुन्याच तापमानावर चालणाऱ्या प्लांटने हे घेऊच नये, पैसे वाया जातील. आणि हात सैल सोडून मात्रा वाढवली तर कण इतके जाड होतात की सीडचं पृष्ठफळ घटतं आणि यील्ड पडतं. एका महिन्यात आमच्याकडूनही ते झालं, परत निस्तरायला पाच आठवडे गेले.

दुसरा एक फायदा मात्र आपसूक मिळाला: फिल्टरवरचा केक लवकर निथळतो, कॅल्सिनरला (हायड्रेट भाजून अॅल्युमिना करणारी भट्टी) पाणी कमी जातं, इंधनाचं तेल वाचतं.

तक्रार एकच, पण मोठी. जानेवारीच्या पहाटे हे सीजीएमचं तेल काकवीसारखं घट्ट होतं. एका रात्री डोसिंग पंप ठकठक करत चालू होता, पॅनेलवर सगळं हिरवं, आणि सक्शनमध्ये थेंबही येत नव्हता. दोन शिफ्ट हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पिंपाची पातळी हलत नाही हे आमच्या एका जुन्या हेल्परने पाहिलं आणि तो धावत सांगायला आला. पुरवठादाराच्या कागदावर थंडीबद्दल एक ओळ नव्हती, ती असायलाच हवी होती. आता लाइनला स्टीम ट्रेसिंग (सोबत वाफेची गरम नळी) आहे, आणि दर शिफ्टला पट्टी बुडवून पातळी मोजून रजिस्टरमध्ये लिहिली जाते, पंप चालू दिसला तरीही.

माझ्याकडून पाचपैकी चार. पुढच्या वर्षाची मागणी आम्ही नोंदवली आहे, पिंपं डिसेंबरच्या आत उतरवून घेण्याच्या अटीवर.