कोड पुसण्याआधी वाचा: ओबीडी स्कॅनर काही महिने वापरल्यानंतर

आधी स्पष्ट करतो, हा लेख ओबीडी डोंगलच्या, म्हणजे गाडीने स्वतःच नोंदवलेले बिघाडाचे कोड फोनवर दाखवणाऱ्या छोट्या उपकरणाच्या, वैशिष्ट्यांचा नाही. सोळा पिनांचं सॉकेट डॅशबोर्डखाली कुठे असतं, ब्लूटूथ कसं जोडायचं, कुठलं ॲप टाकायचं हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे असं धरून चालतो. माझ्याकडे ईएलएम ३२७ चिपची नक्कल असलेलं साधं डोंगल आहे, फोनवर चालतं. ते घ्यावं लागलं याला कारण एक सर्व्हिस सेंटर, आणि मुख्य सांगायचं आहे तेही तिथूनच सुरू होतं.

पेट्रोल गाडी, चेक इंजिनचा दिवा लागला. चालायला काहीच फरक नाही, फक्त सिग्नलला उभी असताना किंचित थरथर. सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी मशीन लावलं आणि पाच मिनिटांत निकाल दिला, "सर, ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलावाच लागेल." कोड कोणता आला विचारलं तर सल्लागार म्हणाला, "मिश्रण लीन आहे असा कोड होता, आता पुसलाय." लीन म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त. सेन्सर बदलला, बिल भरलं, दिवा गेला. काही आठवड्यांनी तोच दिवा परत. पुन्हा गेलो तर म्हणाले, आता दुसरं काहीतरी असेल, परत तपासणीचे पैसे पडतील. मागच्या वेळी कोड नेमका कोणता होता, कोणत्या स्थितीत लागला होता, याची नोंद दाखवा म्हटलं. नोंद नव्हती. दुरुस्तीआधीच पुसून टाकलं होतं सगळं. बदललेला सेन्सर खराब होता याचाही पुरावा त्यांच्याकडे नव्हता. तिथून बाहेर पडलो आणि त्याच दिवशी स्कॅनर मागवला.

पहिले काही दिवस डोंगलवर मी चांगलाच वैतागलो. मध्येच जोडणी तुटायची, एखादा आकडा गोठून बसायचा, ॲप ‘प्रोटोकॉल शोधत आहे’ म्हणून घुटमळायचं (प्रोटोकॉल म्हणजे गाडीशी बोलायची भाषा). या नकली चिपांवर आवृत्तीचा आकडा काहीही छापलेला असतो आणि मूळ चिपला समजणाऱ्या काही आज्ञा त्यांना समजतच नाहीत. ॲपमध्ये प्रोटोकॉल आपोआप शोधण्याऐवजी गाडीचा कॅन प्रोटोकॉल हाताने निवडला आणि एका वेळी स्क्रीनवर चार-पाचच आकडे ठेवले, तेव्हा तो बऱ्यापैकी स्थिर झाला. तोवर वाईट शेरा लिहायची माझी तयारी झाली होती. मत बदललं ते एका पानामुळे. त्या पानाचं नाव फ्रीझ फ्रेम.

कोड नोंदवला जातो त्या क्षणी ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, इंजिनच्या स्थितीचा एक फोटो काढून ठेवतो. आरपीएम किती, गाडीचा वेग किती, कूलंटचं तापमान, इंजिनवरचा भार, इंधनाची दुरुस्ती किती टक्के चालू होती, सगळं. माझ्या गाडीत कोड होता पी ०१७१, म्हणजे बँक एकचं, सिलिंडरांच्या पहिल्या रांगेचं, मिश्रण प्रमाणाबाहेर लीन. फ्रीझ फ्रेममध्ये वेग शून्य, इंजिन पूर्ण तापलेलं, आरपीएम आयडलचा (उभ्या गाडीत इंजिन मंद चालतं तेवढा), लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक २२ टक्के, शॉर्ट टर्म अधिक ६. या चार-पाच आकड्यांनी निम्मं निदान झालं होतं, आणि हेच आकडे सर्व्हिस सेंटरने मागच्या खेपेला एका बटणाने उडवले होते.

फ्युएल ट्रिम हा माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपातला सोन्याचा आकडा. पेट्रोलचं पूर्ण ज्वलन व्हायला वजनाने साधारण १४.७ भाग हवेला एक भाग इंधन लागतं. ऑक्सिजन सेन्सर सांगतो हवा जास्त आहे की कमी, आणि ईसीयू त्यानुसार इंधन वाढवत-घटवत राहतो. ती वाढ-घट म्हणजे ट्रिम, शॉर्ट टर्म त्या क्षणापुरता आणि लाँग टर्म शिकून साठवलेला. अधिक-उणे ५ किंवा अगदी १० टक्क्यांपर्यंत काळजीचं कारण नसतं. दोन्ही ट्रिमची बेरीज अधिक २५ च्या आसपास जाऊन तिथेच राहिली की बहुतेक गाड्या लीनचा कोड टाकतात. आता पुढची पायरी. इंजिन तापवून आयडलला ट्रिम पाहिला, बेरीज २८ च्या घरात. आरपीएम २५०० वर धरला, बेरीज ६ वर आली. कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरत होती. गळती तीच असते, पण आयडलला इंजिन हवाच कमी ओढतं म्हणून त्या चोरट्या हवेचा वाटा मोठा दिसतो, आणि आरपीएम वाढला की तो एकूण हवेत विरून जातो. उलट असतं, म्हणजे भार वाढेल तसा ट्रिम वाढत गेला असता, तर मी गाडीतल्या इंधन पंपाचा दाब, चोंदलेला फिल्टर किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर याकडे वळलो असतो. माझ्या गाडीत हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर आहे म्हणून हे गणित इतकं स्वच्छ आलं. फक्त इनटेक मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब मोजणाऱ्या गाडीत ते इतकं सरळ दिसत नाही, तिथे आयडल वाढलेला दिसण्याची शक्यता जास्त.

छोट्या गॅरेजमध्ये धुराची चाचणी करून घेतली. इनटेकमध्ये हलक्या दाबाने धूर सोडला आणि पीसीव्हीच्या (इंजिनच्या आतले वायू इनटेककडे नेणाऱ्या) रबरी नळीच्या वळणावर, खालच्या बाजूने, धूर बाहेर आला. बोटभर चीर. नळी बदलली. तिची किंमत त्या ऑक्सिजन सेन्सरच्या तुलनेत सांगण्यासारखीही नाही. ट्रिम आयडलला अधिक २-३ वर आला, थरथर गेली. फुकट गेलेल्या त्या सेन्सरच्या पैशांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि तो जाऊ द्यायची इच्छाही नाही.

म्हणून आता माझी सगळ्यात मोठी तक्रार. या ॲपमध्ये ‘कोड पुसा’ हे बटण ‘कोड वाचा’ च्या अगदी शेजारी, तेवढ्याच आकाराचं आणि लाल रंगात आहे. दाबलं की एकच प्रश्न येतो, नक्की ना? काय काय जाणार याचा एक शब्द नाही. आणि जातं काय? नोंदलेला कोड जातो, पेंडिंग, म्हणजे अजून पक्का न झालेला, कोड जातो, फ्रीझ फ्रेम जाते, बहुतेक गाड्यांत शिकलेला फ्युएल ट्रिमही शून्यावर येतो, आणि रेडिनेस मॉनिटर, म्हणजे ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या झाल्या की नाही याच्या खुणा, बहुतेक सगळे ‘अपूर्ण’ होतात. म्हणजे निदानाला लागणारं सगळं साहित्य गेलं आणि बिघाड जिथल्या तिथे. फ्रीझ फ्रेम आपोआप साठवून मगच पुसायला द्यायचं, एवढं साधं काम ॲप बनवणाऱ्यांना का सुचू नये हे मला खरंच कळत नाही. ॲपच्या आलेखांचे रंग, मीटरचे देखावे यांवर कष्ट घेतलेत, आणि गाडीवाल्याच्या पैशांशी थेट संबंध असलेली ही एक गोष्ट सोडून दिली आहे. मी आता कुठल्याही गॅरेजमध्ये गाडी देण्याआधी कोड, पेंडिंग कोड आणि फ्रीझ फ्रेम या तिन्ही पानांचे स्क्रीनशॉट घेतो आणि जॉब कार्डवर ‘दाखवल्याशिवाय कोड पुसू नये’ असं लिहून घेतो.

पुसायची घाई करायचं कारणही नसतं. बिघाड खरोखर दुरुस्त झाला असेल तर सलग तीन फेऱ्यांमध्ये ईसीयूची ती चाचणी स्वच्छ पार पडली की दिवा आपोआप विझतो, आणि कोड पुढे ४० वेळा इंजिन गार होऊन तापलं की स्मृतीतून निघून जातो. नळी बदलल्यावर मी मुद्दाम काहीही पुसलं नाही. दिवा आपला आपण गेला, आणि मला दुरुस्तीचा जो पुरावा हवा होता तो मिळाला. दिवा लुकलुकत असेल तर मात्र थांबायचं. त्याचा अर्थ मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) इतका आहे की न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जाऊन तो तापून खराब होतोय. वेग कमी करून गाडी बाजूला घ्यायची, स्कॅनर नंतर.

कोड वाचताना कोडचा स्वभाव ओळखायला हवा, हे काही महिन्यांच्या वापरात सगळ्यात उपयोगी ठरलं. काही कोड थेट विद्युत मंडलाबद्दल बोलतात. पी ०१३५ म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट. तिथे फ्यूज, कनेक्टर, तार आणि मग हीटरचा रोध एवढंच तपासायचं, आणि सेन्सर दोषी निघायची शक्यताही बरीच. दुसरे कोड फक्त परिणाम सांगतात. पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन आहे. ते का लीन आहे हे ईसीयूला माहीत नसतं. ज्या ऑक्सिजन सेन्सरने ते इमानदारीने कळवलं त्यालाच माझ्या गाडीतून काढून फेकण्यात आलं. पी ०४२०, म्हणजे कन्व्हर्टरचं काम प्रमाणापेक्षा कमी, त्याचंही तसंच. त्याचं नाव वाचून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच बदलायला सांगतात, आणि तो गाडीतल्या महागड्या भागांपैकी एक. खरं तर आधी मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज आलेख पाहावा. कन्व्हर्टर ठीक असेल तर तो बराचसा स्थिर राहतो, पुढच्या सेन्सरसारखा सतत वर-खाली उड्या मारायला लागला तर संशय खरा. त्यातही सायलेन्सरच्या पाइपला सेन्सरच्या आधी गळती नाही ना, जुना मिसफायर नाही ना, हे तपासून मगच खर्चाचा विचार.

भावाच्या गाडीत पी ०३०१ आला, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. त्याला प्लगला ठिणगी देणाऱ्या चारही कॉइल बदलायचं कोटेशन मिळालं होतं. आम्ही पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरची कॉइल आपसात बदलली आणि गाडी चालवली. पुढचा कोड पी ०३०३. कॉइलच खराब, आणि एकच. कोड पहिल्यावरच राहिला असता तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन या क्रमाने गेलो असतो. पाना आणि अर्धा तास याशिवाय खर्च नाही. त्या दिवशी हा स्कॅनर मला पाचपैकी पाच गुणांचा वाटला.

पण ते मत टिकलं नाही. नंतर एबीएसचा दिवा लागला आणि डोंगलने सांगितलं, कोड नाही. यात त्याची लबाडी नाही. सक्तीचा ओबीडी प्रदूषणाशी संबंधित भागांपुरता आहे, म्हणजे मुख्यतः पी ने सुरू होणारे कोड, तेही पी नंतरचा पहिला अंक शून्य असेल तर सगळ्या कंपन्यांत बहुतांशी सारखे. तो अंक एक असेल तर अर्थ कंपनीगणिक बदलतो, आणि इंटरनेटवर मिळालेला पहिला अर्थ दुसऱ्याच गाडीचा असू शकतो. सी म्हणजे चासी, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे गाडीतल्या मॉड्यूलांचा (छोट्या संगणकांचा) आपसातला संपर्क. एबीएस, एअरबॅग यांच्या मॉड्यूलशी बोलायला त्या कंपनीची भाषा जाणणारा स्कॅनर लागतो. विकताना मात्र खोक्यावर ‘सर्व कोड वाचतो’ असं छापलेलं असतं. तेवढ्यासाठी एक गुण मी कापतो.

दुसरा गुण बॅटरीसाठी. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा पुरवठा कायम चालू असतो, चावी काढली तरी. माझं डोंगल झोपत नाही. गाडी बरेच दिवस उभी राहिली आणि सेल्फ मारताना कुरकुरली. व्होल्टेज पडलेल्या बॅटरीवर गाडी सुरू केली तेव्हा पी ०५६२ (व्होल्टेज कमी) आणि त्याबरोबर संपर्क तुटल्याचे यू कोड रांगेने आले. असे असंबद्ध कोड एकदम आले तर आधी बॅटरी मोजा. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ हवेत. बॅटरी चार्ज केल्यावर यातला एकही कोड परत आला नाही. तेव्हापासून डोंगल काम झालं की काढून ठेवतो. शिवाय ब्लूटूथ जोडायचा पिन क्रमांक बहुतेकांत १२३४, बदलता येत नाही, तेही लावून ठेवायला नको वाटण्याचं कारण.

एक उपयोग मात्र मी घेताना धरलाच नव्हता. जुनी गाडी बघायला गेलो होतो. इंजिन गरम, दिवा नाही, कोड शून्य, विक्रेता म्हणतो गाडीत काडीचा प्रॉब्लेम नाही. रेडिनेस मॉनिटरचं पान उघडलं. कॅटॅलिस्ट अपूर्ण, ऑक्सिजन सेन्सर अपूर्ण, ईव्हॅप (पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा) अपूर्ण. रोज चालणाऱ्या गाडीत हे सगळे एकदम अपूर्ण नसतात. एक तर बॅटरी नुकतीच काढलेली असते, नाहीतर कोड नुकतेच पुसलेले असतात. बॅटरी काढली होती का विचारलं, नाही म्हणाला. मग म्हटलं, तुम्हीच दोन-चार दिवस नेहमीसारखी चालवा, मॉनिटर पूर्ण होऊ द्या, मी पुन्हा येऊन बघतो, पटलं तर तिथेच व्यवहार करू. त्याने आज ठरवा नाहीतर राहू द्या असं सांगितलं. मी डोंगल काढून निघालो.