फिश टँकमध्ये ‘शार्क’ म्हणून विकलेला पंगस

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात लोकवर्गणीतून घेतलेला तीन फुटी फिश टँक आहे. गप्पी, मॉली, प्लॅटी आणि झेब्रा डॅनियो त्यात छान नांदत होते, मॉलीला पिल्लं होत होती. एप्रिलमध्ये पोरांनी हट्ट धरला की आणखी मासे पाहिजेत, मोठे पाहिजेत. म्हणून आम्ही तालुक्याच्या दुकानात गेलो आणि पहिला प्रश्न हाच विचारला की, आमच्या टँकमध्ये आणखी मासे बसतील का? पुढे जे झालं ते सविस्तर लिहितो, कारण ही युक्ती कोणावरही चालू शकते.

दुकानदाराने कागद-पेन काढलं. टँकचं माप विचारलं, दगड-वाळू वजा करून साधारण 90 लिटर पाणी धरलं. म्हणाला, “एका लिटरला एक सेंटीमीटर मासा, हा नियमच आहे भाऊ. तुमचे आहेत ते सगळे मिळून साठ. तीस बाकी. बिनधास्त टाका.” मग पाच-पाच सेंटीमीटरचे चार ‘शार्क’ आणि काच साफ करायला दोन सकर. झाले बरोबर तीस. वर सहा निळे-गुलाबी टेट्रा, कारण “एवढे लहान मोजत नसतात.”

हा नियम त्याने मनातून काढलेला नाही, तो खरोखर वापरला जातो. पण त्यात लांबी धरायची ती पूर्ण वाढलेल्या माशाची, दुकानातल्या पिल्लाची नाही. नेमकी हीच गोष्ट त्याने दाबून ठेवली. आम्ही स्पष्ट विचारलं होतं की हे किती वाढतात. उत्तर मिळालं, “टँकच्या मापानंच वाढते मासा.” हे धादांत खोटं आहे. अपुऱ्या जागेत माशाची वाढ खुंटते ती त्याचे हाल झाल्यामुळे. टँक पाहून तो स्वतःचं माप ठरवत नाही.

‘शार्क’ कोण ते आमच्या मच्छीमार संस्थेतल्या एका काकांनी ओळखलं. मामा (माजी मालगुजारी) तलावांवर जन्म गेलेला माणूस. पेपर वाचायला आले, काचेजवळ वाकले आणि म्हणाले, “काहून रे बाबू, पंगस कोणं टाकला इथं? हा तं किलोनं विकते बाजारात.” पंगस म्हणजे शेततळ्यात खाण्यासाठी पाळतात तोच मासा. तो एक मीटरच्याही वर जाऊ शकतो. म्हणजे आमच्या 90 सेंटीमीटरच्या अख्ख्या हिशेबाला एकटा पंगस पुरून उरतो. सकरही लहान राहत नाही, दीड फुटाच्या आसपास जातो. रंगीत टेट्रा “इंपोर्टेड, जन्मतःच असे” म्हणून दिले होते. ते मुळात फिकट पांढरे विडो टेट्रा, कृत्रिम रंग चढवलेले. असा रंग काही महिन्यांत उतरतो, आणि रंगवताना मासा अशक्त होतो ते वेगळंच. जिवंत प्राण्याला असं रंगवून लहान पोरांसाठी विकायचं, याचा मला अजूनही संताप येतो.

सोबत ‘बॅक्टेरिया’ची बाटली दिली. ही ओतली की सगळे मासे आजच एकदम सोडता येतात, म्हणाला. बाटलीवर ना घटक, ना मुदतीची तारीख. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू तेवढेच असतात जेवढा अमोनिया त्यांना रोज मिळतो. एका दिवसात बारा मासे वाढले की जिवाणू वाढेपर्यंत विष साचत जातं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये तर आणखीच कठीण. पाणी तापलं की प्राणवायू कमी विरघळतो, 20 अंशाला लिटरमागे 9 मिलिग्रॅमच्या आसपास, तर 30 अंशाला साडेसातच. त्यात रात्री लाईन गेली की फिल्टर आणि पंप दोन्ही बंद. सकाळी मासे वर येऊन तोंड उघडत होते, कल्ले लालभडक. आधी टेट्रा गेले, मग आमच्या जुन्या मॉली.

दुकानदाराने दोष दिला बोअरच्या पाण्याला. त्याच जड पाण्यात गप्पी-मॉली मजेत वाढत होत्या, त्यांना तसंच पाणी मानवतं. पण पाण्याचा सामू (pH) जास्त असला की अमोनिया अधिक घातक होतो, हेही खरं. म्हणून मासे वाढवायचे की नाही हे दुकानदाराला विचारून नाही, अमोनियाच्या टेस्ट किटवर पाहून ठरवा. आधीच्या माशांवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य येत असेल तरच पुढचा विचार, तोही दोन-तीन मासे टाकून थांबायचं. भर उन्हाळ्यात नकोच.

चारही पंगस आता एका शेतकऱ्याच्या शेततळ्यात आहेत, जिथे आधीपासून पंगसच पाळतात. सकर सांभाळायला मोठी टाकी शोधतो आहोत. कोणी म्हणालं तलावात सोडून द्या. तसं कधीही करू नका. सकर हा परदेशी मासा भारतातल्या कित्येक जलाशयांत सुटून आपल्या माशांच्या मुळावर आला आहे.

पैशांचं म्हणाल तर वर्गणीतले 1,850 रुपये गेले. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. पण आमच्याकडे आहे ती हाताने लिहिलेली चिठ्ठी, त्यावर फक्त ‘मासे’ आणि रक्कम. ना शिक्का, ना माशाची जात. दुकानदाराने तिच्यावरच बोट ठेवलं, “यात शार्क कुठं लिहिला आहे?” तुम्ही घ्याल तेव्हा पक्क्या बिलावर प्रत्येक माशाचं शास्त्रीय नाव आणि पूर्ण वाढीची लांबी लिहून मागा. लिहायला तो कां-कूं करू लागला, तर मासे त्याच्याच टाकीत राहू द्या.